अंडरग्राउंड रॅपर इतके भारी असतात तर मोठे का होत नाहीत? (जरा लांबलचक उत्तर)

मित्रा, तुझ्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हे लोक इतकं भारी लिहितात, वीस-वीस वर्षं करतायत, तरी अंडरग्राउंडच कसे, कुठे कमी पडतात. दुसरं म्हणजे यातला एखादा मोठा झालाच तर जुने फॅन त्याला लगेच सेलआउट (पैशासाठी विकला गेलेला) का म्हणतात. आणि शेवटी, ऐकायला सुरुवात कुठून करू. मी वीस वर्षांहून जास्त हेच ऐकत आलोय त्यामुळे थोडक्यात सांगणं जमणार नाही, सावकाश वाच.

आधी एक गैरसमज काढून टाक. अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या (लेबलांच्या) बाहेर राहून गाणी काढणं, ही काही खालची पायरी नाही, की आज इथे आहेत, उद्या वर जातील. कित्येकांना वर जायचंच नसतं. माझ्या मते खरा फरक दोन ठिकाणी पडतो, गाणं कसं असावं हे कोण ठरवतं आणि ते चांगलं झालं की नाही याचा निकाल कोण देतं. मोठ्या लेबलकडे पहिली गोष्ट ऑफिसातले लोक ठरवतात आणि दुसरी विक्रीचे आकडे. अंडरग्राउंडमध्ये पहिली तो रॅपर ठरवतो आणि दुसरी त्याच्यासमोर चार फुटांवर उभी असलेली माणसं.

हे चार फूट म्हणजे काय ते बघायचं असेल तर लॉस एंजेलिसच्या गुड लाइफ कॅफेबद्दल वाच. क्रेनशॉ भागातलं हेल्थ फूडचं दुकान, तिथे १९८९ च्या डिसेंबरपासून दर गुरुवारी संध्याकाळी ओपन माइक व्हायचा. बी. हॉल नावाच्या बाई आणि त्यांचा मुलगा, दोघांनी मिळून सुरू केलेला. नियम कडक होता, स्टेजवर शिवी द्यायची नाही. एकही नाही. आता रॅपमध्ये शिवी नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं काय बाळबोध प्रकार असेल, पण झालं बरोबर उलटं, कारण शिवी ही बऱ्याचदा ओळीत रिकामी राहिलेली जागा भरायला वापरतात, ती काढून घेतली की त्या जागेवर काहीतरी लिहावंच लागतं. आणि पब्लिक कोण, तर बाकीचे रॅपरच, म्हणजे सगळे कान तयार असलेले. कुणी पाट्या टाकतोय असं दिसलं की अख्खी खोली एका सुरात ओरडायची, ‘प्लीज पास द माइक’. मग तू नवखा असो नाहीतर तुझी रेकॉर्ड बाजारात आलेली असो, माइक खाली ठेवायचा. फ्रीस्टाइल फेलोशिप या ग्रुपची मंडळी याच खोलीत घडली, पुढे ज्यांचा ज्युरासिक फाइव्ह झाला ते दोन ग्रुप इथेच एकमेकांना भेटले. जॅझमधला सॅक्सोफोन वाजावा तसे शब्द लयीत तोडून, प्रचंड वेगात फेकायची ती स्टाइल तू ऐकलीस ना की लगेच कळेल, हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलेलं नाही, समोरच्याला गप्प करायचं म्हणून घासून घासून आलंय. १९९४ मध्ये हीच परंपरा लायमर्ट पार्कमध्ये प्रोजेक्ट ब्लोड नावाने पुढे चालू झाली.

न्यूयॉर्कला हेच काम रेडिओने केलं. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या डब्ल्यूकेसीआर स्टेशनवर १९९० ते १९९८ स्ट्रेच आणि बॉबिटोचा शो असायचा, गुरुवारी रात्री एक ते पहाटे पाच. ही काय माणसाने रेडिओ ऐकायची वेळ आहे? पण लोक अलार्म लावून उठायचे, कॅसेटवर रेकॉर्ड करायचे, मग त्या कॅसेटच्या कॉप्या, कॉप्यांच्या कॉप्या, आवाज अगदी घासलेला, तरी हातोहात फिरायच्या. नास, बिगी, जे-झी ही मंडळी कुणी विचारत नव्हतं तेव्हा इथे येऊन रॅप करून गेलीत. वशिला लागत नव्हता, लिहिलेलं दमदार पाहिजे एवढंच.

आता साउंडबद्दल, कारण अंडरग्राउंडचा बीट (शब्दांखालचं संगीत) जरा मळकट, धुळीतून आल्यासारखा का वाटतो हे नवीन माणसाला कळत नाही, त्याला वाटतं रेकॉर्डिंग खराब आहे. ई-म्यूचं एसपी-१२०० नावाचं मशीन १९८७ मध्ये आलं, त्यात सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेले आवाजाचे तुकडे, साठवायला मिळून फक्त १० सेकंदं होती. दहा! अख्ख्या गाण्याचे ड्रम, बेस, सगळं त्यात बसवायचं. मग पोरांनी काय केलं, ३३ स्पीडची रेकॉर्ड ४५ वर जोरात फिरवून मशीनमध्ये घेतली, म्हणजे कमी सेकंदांत जास्त माल बसला, आणि आत गेल्यावर पिच खाली ओढून परत मूळ वेगावर आणली. या ओढाताणीत आवाजाला जो खरखरीतपणा येतो ना, तोच तो साउंड. मी एकदा जुन्या रेकॉर्डचा दोन सेकंदांचा तुकडा घेऊन हे घरी करून बघितलं होतं, साधा ट्रम्पेटचा सूर होता, खाली आणला तेव्हा तो दुसऱ्याच कुठल्यातरी खोलीतून येतोय असं वाटलं, रात्रभर तेवढंच ऐकत बसलो होतो.

याला एक कायद्याची बाजूपण आहे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये रॅपर बिझ मार्कीवर सॅम्पलिंगची केस झाली आणि न्यायाधीशाने निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेने केली. तो अल्बम दुकानांतून मागे घ्यावा लागला. त्यानंतर प्रत्येक सॅम्पलला परवानगी आणि पैसे, मोठ्या लेबलांचे वकील कात्री घेऊन बसले, एका गाण्यात सात-आठ तुकडे चिकटवायचे दिवस संपले. छोट्या लेबलवाले मात्र कुणी ऐकलेल्या नसतील अशा रेकॉर्ड शोधून, थोड्याशाच प्रती काढून तेच करत राहिले. क्रेट डिगिंगचं, म्हणजे जुन्या रेकॉर्डचे ढीग उपसायचं, एवढं वेड आहे त्यामागे हेही एक कारण आहे, नुसती हौस नाही.

मोठं होण्याच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे रॅपर एमएफ डूम. हा माणूस आधी मोठ्या लेबलवरच होता, केएमडी नावाच्या ग्रुपमध्ये, सख्खा भाऊ सबरॉकबरोबर. १९९३ मध्ये भाऊ गाडीखाली येऊन गेला, आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रा लेबलने कव्हरच्या चित्रावरून अल्बम अडवला आणि ग्रुपला सोडून दिलं. पुढची काही वर्षं तो गायबच. मग न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन कॅफेत ओपन माइकला एकजण तोंडावर बायकांचा स्टॉकिंग ओढून रॅप करायला लागला. तोच हा. पुढे स्टॉकिंगचा धातूचा मास्क झाला, १९९९ मध्ये ‘ऑपरेशन: डूम्सडे’ आला, आणि तो काढला कुणी, तर त्याच रेडिओवाल्या बॉबिटोच्या छोट्याशा फॉन्डल एम लेबलने. बघ कसं एकमेकांत गुंतलेलं असतं हे सगळं. मास्कमागचा विचार साधा होता, चेहरा बघू नका, शब्द ऐका. बीट बनवणाऱ्या मॅडलिबबरोबरच्या त्याच्या २००४ च्या ‘मॅडव्हिलनी’ अल्बमचे काही बीट तर मॅडलिबने ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून, छोटा सॅम्पलर आणि पोर्टेबल टर्नटेबल घेऊन केलेत. तो अल्बम रिलीज व्हायच्या आधीच लीक झाला, तर डूमने परत आवाज रेकॉर्ड केला, आधीपेक्षा शांत, जरा रेंगाळत. लीक झालेलं आणि रिलीज झालेलं दोन्ही एकापाठोपाठ ऐक, आवाजाचा नुसता पोत बदलला की त्याच ओळींचा अर्थ कसा खाली खोल जातो ते कळेल. अशा माणसाला ‘तू मोठा का झाला नाहीस’ काय विचारणार? त्याने मोठं होणं बघितलं होतं, त्यात भावाबरोबरचं काम कपाटात बंद पडलेलंही बघितलं होतं.

आता पैसे, कारण पोट सगळ्यांनाच आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ओकलंडमध्ये रॅपर टू शॉर्ट स्वतः टेप विकायचा, लोकांची नावं घालून ऑर्डरप्रमाणे कॅसेट बनवून द्यायचा. मिनिॲपोलिसच्या ऱ्हाइमसेयर्सने १९९५ पासून स्वतःचं लेबल स्वतः उभं केलं. २०१३ मध्ये रॅपर निप्सी हसलने एक मिक्सटेप (गाण्यांचा संच) ऑनलाइन फुकट ठेवली आणि तिच्याच फक्त १००० सीडी प्रत्येकी १०० डॉलरला विकायला काढल्या, संपल्या. हिशोब असा की लाखो अनोळखी लोकांपेक्षा हजार जिवाभावाचे ऐकणारे पुरतात, पण ते हजार मिळवायला दहा वर्षं जातात, हेही खरं.

आणि सगळ्यांना पुरतातच असंही नाही. ब्रुकलिनचा रॅपर ‘का’ (Ka) घे. नाव एवढंच, का. नोकरीने फायरमन, अग्निशमन दलात कॅप्टनपर्यंत चढलेला, आणि नोकरी सांभाळून रात्री गाणी लिहायचा. लिहिणं, बराचसा बीट, व्हिडिओ, रेकॉर्ड छापणं, पोस्टाने पाठवणं सगळं स्वतः. ‘द नाइट्स गॅम्बिट’ आला २०१३ मध्ये तेव्हा तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभा राहून स्वतःच्या हाताने अल्बम देत होता. त्याच्या गाण्यात ड्रम जवळजवळ नसतात, आवाज कुजबुजल्यासारखा, पण एका ओळीत तीन तीन अर्थ. २०१६ मध्ये एका पेपरने त्याच्या गाण्यांतल्या ओळी उचलून पहिल्या पानावर त्याला झोडपलं, त्याने कामही सोडलं नाही आणि लिहिणंही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, वय ५२. बातमी वाचली त्या रात्री मी काहीच लावू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सगळे अल्बम ऐकले.

सेलआउटचं म्हणशील तर मला ही शिवी आवडत नाही. रॅपरला पैसे मिळाले म्हणून रागावणारा फॅन स्वतः कधी टी-शर्टसुद्धा विकत घेत नाही असं मी खूप बघितलंय. गाणं बदललं असेल तर जरूर बोलावं, कारण कळवळा असतो म्हणूनच माणूस बोलतो. पण रॅपर एल-पीचंच बघ, १९९७ मध्ये कंपनी फ्लो या त्याच्या ग्रुपचा ‘फनक्रशर प्लस’, मग स्वतःचं लेबल, आणि २०१३ मध्ये किलर माइकबरोबर रन द ज्वेल्सचा पहिला अल्बम फुकट डाउनलोडला ठेवला. आज ते प्रचंड स्टेजवर उभे राहतात, लिहिण्याची धार तीच आहे. तो काय सेलआउट?

या कल्चरची खरी खोट दुसरीकडे आहे. आम्ही बॅकपॅकवाले, म्हणजे अंडरग्राउंडचे कट्टर फॅन, स्वतःला फार शहाणे समजत आलो, आणि बायकांना तर बाजूलाच ठेवलं. गुड लाइफमध्ये मेडुसा होती, फिलाडेल्फियाची बहामाडिया होती, जीन ग्रे आहे, यातल्या कुणाचंही लिखाण बरोबरीच्या पुरुषांपेक्षा तसूभर कमी नाही, तरी ‘टॉप टेन’ याद्यांत नावं शोधावी लागतात. तू ऐकायला सुरुवात करतोयस तर पहिल्याच महिन्यात बहामाडियाचा १९९६ चा ‘कोलाज’ ऐक, नंतर कधीतरी म्हणून ठेवू नकोस.

सायफरमध्ये (गोल करून आळीपाळीने रॅप करतात त्यात) उभा राहणार असशील तर दुसऱ्याची ओळ उचलू नकोस, घरून लिहून आणलेलं फ्रीस्टाइल, म्हणजे जागच्या जागी सुचलेलं, म्हणून खपवू नकोस (लगेच कळतं), आणि आपलं झालं की निघून जाऊ नकोस, पुढच्याचं ऐकून जा. आवडलं तर विकत घे. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट घेते, बाकी बहुतेक कलाकाराकडे जातं, आणि २०२० पासून त्यांचे काही शुक्रवार असे असतात की साइट आपला वाटाही सोडते. मी यादी करून ठेवतो आणि त्या शुक्रवारी घेतो.

ऐकायचा क्रम विचारलास तर आधी ‘मॅडव्हिलनी’, पूर्ण, मध्ये गाणी न उडवता. मग ‘कोलाज’. मग ‘का’, हेडफोन लावून, रात्री, लिरिक्स समोर ठेवून. कॅनिबल ऑक्सचा २००१ चा ‘द कोल्ड व्हेन’ खूप जण पहिल्यांदाच सुचवतात, तो सध्या बाजूला ठेव, फार दाट आहे. आणि ‘का’ ऐकून झाला की कुठली ओळ अडली ते इथेच लिही, मी बघतो.