दृढीकरणाचा वर्ग अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाविषयी, एका बापाच्या चुकीवरून

ताई, आपला प्रश्न मी काल रात्री दोनदा वाचला आणि आज उपासनेहून परतल्यावर पुन्हा एकदा वाचला. सोळा वर्षांच्या मुलाने दृढीकरणाचा वर्ग (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून चर्चचे पूर्ण सभासद होण्याआधीचे शिक्षण) अर्ध्यावर सोडला, "पाठ केलेली उत्तरेच म्हणायची असतील तर पोपट आणा" असे तो शिकवणाऱ्या गृहस्थांना म्हणाला, वडिलांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला आहे, आणि येत्या रविवारी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) चर्चच्या कमिटीच्या दोन सभासदांना घेऊन त्याची समजूत घालायला घरी येणार आहेत. अशा मुलाचा ध्येय असलेला, धीट ख्रिस्ती माणूस कसा व्हावा, असे आपण विचारले आहे. पोपटाचे वाक्य वाचून मला हसू आले, हे कबूल करतो. पुढचे वाचताना मात्र ते टिकले नाही, कारण बारा वर्षांपूर्वी आमच्या घरात जवळजवळ हेच घडले होते आणि त्यातली सर्वांत मोठी चूक मुलीची नव्हती, माझी होती.

मी पाळक नाही आणि समुपदेशकही नाही. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सतरा वर्षे शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) घेतली आणि एक मुलगी वाढवली, एवढाच माझा अधिकार, त्यामुळे पुढचे सगळे त्या बेताने घ्यावे. कौटुंबिक प्रार्थना, वचनाचे वाचन, मुलाची संगत यांवर मी काही लिहीत नाही; ते आपण जाणताच.

आमची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. दृढीकरणाच्या वर्गात नवव्या आज्ञेचा, म्हणजे खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेचा, पाठ चालू होता आणि तिने विचारले की, ज्यांचे नाव मंडळीच्या नोंदवहीत ख्रिस्ती म्हणून आहे आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र वेगळा धर्म लिहिलेला आहे, ती माणसे प्रत्येक अर्जावर सही करताना खोटी साक्ष देतात का? वर्गात चौदा मुले होती आणि त्यांपैकी निम्म्यांच्या घरात हाच प्रश्न कपाटातल्या फायलीत बांधून ठेवलेला होता. तिच्या जिवलग मैत्रिणीचा दाखलाही तसाच होता. कोणाचे नाक कापायचे म्हणून तिने विचारले नव्हते; मैत्रीण रात्री रडली होती, म्हणून विचारले होते.

खरे तर या प्रश्नाला उत्तर देता आले असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आरंभी मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले, आणि ख्रिस्ती झालेली दलित कुटुंबे बाहेरच राहिली. बाप्तिस्म्याने गावातली पाणवठ्याची आठवण पुसली जात नाही आणि कॉलेजची फीही कमी होत नाही, म्हणून एखाद्या बापाने लेकरांच्या शिक्षणासाठी कागद जुनाच ठेवला, तर त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र त्या कागदाचा त्याच्या मुलावर भार पडतो, हेही नाकारता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे पंधरा वर्षांच्या मुलीला नीट कळले असते, कदाचित आपल्यापेक्षा लवकर कळले असते. वर्ग घेणाऱ्यांनी तिला खाली बसायला सांगितले आणि कमिटीकडे तक्रार केली.

त्या मंडळीचे नाव मी लिहीत नाही. कमिटीने आम्हा दोघांना चर्चमागच्या खोलीत बोलावले. टेबलापलीकडे पाच माणसे बसली होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. मुलगी माझ्या डाव्या बाजूला उभी होती आणि तिला बस असे कोणी म्हटले नाही, मीही म्हटले नाही. अध्यक्षांनी विचारले, "तुला काय म्हणायचे आहे?" तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघण्याआधी मी बोललो: "लहान आहे, साहेब. चुकले तिचे. तिच्या वतीने मी माफी मागतो." तिने तोंड मिटले. घरी परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. नेहमी माझ्या खांद्यावर असणारा तिचा हात त्या दिवशी मागच्या कॅरिअरच्या दांडीला होता. ती साडेतीन किलोमीटर वाट मला अजून पाठ आहे.

कमिटीने तिचे दृढीकरण "विचार परिपक्व होईपर्यंत" पुढे ढकलले. त्याचे पत्र नाही, तारीख नाही, परिपक्वता कोण आणि कशावर मोजणार याचा पत्ता नाही. मी चार वेळा चौकशीला गेलो आणि चारही वेळा "विषय पुढच्या बैठकीत आहे" हेच उत्तर मिळाले. नाताळच्या मांडवाला कापड लाल लावायचे की पांढरे, याचा निर्णय हीच कमिटी एका बैठकीत, रात्री अकरा वाजेपर्यंत बसून घेत होती. असो. बारा वर्षे झाली तरी हे लिहिताना आवाज चढतो, त्याबद्दल क्षमा असावी. पण प्रामाणिकपणे पाहिले तर कमिटीने तिचे एक वर्ष घेतले. तिचा आवाज मी घेतला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे ती नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) सोडून चर्चची पायरी चढली नाही, आणि घरी जे विचाराल त्याला "तुम्ही म्हणाल तसे" एवढेच म्हणत असे. नातेवाईक म्हणायचे, किती शहाणी झाली मुलगी!

धैर्याविषयी आपण मुलांना जे शिकवतो, त्यात मला एक मोठी खोट दिसते. बायबलमधल्या दानिएलाचे चित्र रंगवायला देतो ते सिंहांच्या गुहेचे. त्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वगळून जातो, कारण त्यात चित्र काढण्यासारखे काही नाही. राजाच्या ताटातले अन्न नको म्हणताना दानिएल आधी अधिकाऱ्याला विनंती करतो, अधिकाऱ्याची भीती ऐकून घेतो, मग त्याच्या हाताखालच्या कारभाऱ्याला दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा असा तोडगा सुचवतो, आणि पारख त्याच्यावरच सोपवतो. वरच्या माणसासमोर उभे राहून, आवाज न चढवता, आपले म्हणणे पुरते मांडणे, हे धैर्य तिथे आहे आणि ते सरावाने येते. माझ्या मुलीच्या सरावाची पहिली वेळ त्या खोलीत आली होती. आपल्या मुलाच्या बोलण्यात तो सराव नाही, उद्धटपणा आहे, हे मान्य. पोपटाबद्दल त्याने त्या गृहस्थांची क्षमा मागायला हवी. पण ती त्याने मागावी, आपण नव्हे, आणि क्षमा फक्त शब्दांची मागावी, प्रश्नाची नव्हे. हा फरक त्याला आजच समजावून सांगा.

पंडिता रमाबाईंची तसबीर आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी लावलेली असते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर ज्या सिस्टरबाई (जोगीण) त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या, त्यांच्याशीच रमाबाई ख्रिस्ताच्या देवत्वापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक मुद्द्यांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. कोणी सांगितले म्हणून मान डोलावणे त्यांना जमले नाही. ती रमाबाई आज आपल्या वर्गात आली, तर तिसऱ्या आठवड्यात तिचीही तक्रार कमिटीकडे जाईल. आणि याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या, त्यांना नुसती प्रार्थना शिकवली नाही तर शेती, विणकाम आणि छापखाना शिकवला, आणि मूळ भाषांवरून मराठीत केलेले आपले पवित्र शास्त्र त्याच छापखान्यात छापायला घेतले. मुलींच्या हातात खरे काम दिले होते, हे इथे महत्त्वाचे.

आपण आपल्या मुलांना कोणते काम देतो? खुर्च्या मांडणे, मेणबत्ती धरणे, नाताळच्या नाटकात मेंढपाळ. सोळा वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळते की आपण नसलो तरी उपासना साडेनऊलाच सुरू होणार आहे. युवक शिबिरांविषयीही माझे मत फारसे चांगले नाही, आणि यावर इथले काही सदस्य रागावतील याची कल्पना आहे. तीन दिवस गाणी, शेवटच्या रात्री अंधारात हात वर, सोमवारी शाळा. काहींना त्यातून खरोखर काही मिळते, पण ज्याच्यावर घरी परतल्यावर एकही जबाबदारी नसते, त्याचे ते आठवडाभरात ओसरते.

आमच्याकडे गाडी रुळावर आली ती अशी. दीड वर्षानंतर एका रात्री मी मुलीला म्हणालो की त्या दिवशी माझे चुकले. ती म्हणाली, "पप्पा, हे तिकडे म्हणा." मला दोन महिने धीर झाला नाही. मग वार्षिक सभेत "ऐनवेळचे विषय" आले तेव्हा मी उभा राहून सांगितले की मुलीचा प्रश्न योग्य होता आणि तिच्या वतीने मागितलेली माफी मी परत घेतो. कोणी काही बोलले नाही. अध्यक्षांनी वीजबिलाचा विषय पुकारला. पण ती मागच्या बाकावर येऊन बसली होती, हे मी बसताना पाहिले.

त्या वर्षी नवे खजिनदार आले होते, मितभाषी गृहस्थ. हंगामाच्या उपकारस्तुतीला आमच्याकडे भाजी, धान्य, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव होतो आणि बोली मारणारे पुष्कळ जण पैसे "नंतर देतो" म्हणून जातात. खजिनदारांनी वसुलीची वही माझ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही मध्ये पडायचे नाही." तिने एकेक घर गाठून तीन आठवड्यांत सगळी वसुली केली, राहिले फक्त एका कोंबड्याचे सहाशे पन्नास रुपये. ते कोणाकडे होते हे आपल्या लक्षात आले असेल: टेबलापलीकडच्या पाचांपैकी एकाकडे. पहिल्या खेपेस ते घरी नव्हते, दुसऱ्या खेपेस सुटे नव्हते. तिसऱ्या खेपेस ती सुटे घेऊनच गेली. मी कोपऱ्यावर स्कूटर लावून उभा होतो आणि दोनदा पाय उचलला होता, हे तिला आजही माहीत नाही. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. पैसे मिळाले होते, आणि या वेळी तिला बसायला खुर्ची आणि चहाही मिळाला होता. वही उघडून तिने नावापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "कोंबडा कडक निघाला म्हणत होते."

तिचे दृढीकरण पुढे एकविसाव्या वर्षी, ती नोकरीला होती त्या शहरातल्या दुसऱ्या मंडळीत झाले, आणि आम्हाला ते झाल्यानंतर फोनवर कळले. मला वाईट वाटले. वाटायलाच हवे होते.

दोन गोष्टी ओघात सांगतो. शाळेत मुलाला "तुमच्या आजोबांना बाटायला किती पैसे मिळाले" असे कोणी विचारत असेल (विचारतातच), तर त्याला जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही दाखवायला न्या. आमच्या जिल्ह्यात अमेरिकन मिशन १८३१ पासून होते. वहीत पणजोबांचे नाव, गाव आणि तारीख सापडली की मुलाला भांडणाऐवजी सांगायला गोष्ट मिळते. दुसरे, अबोला आणि उदासी यांत फरक आहे. झोप, जेवण, मित्र सगळेच सुटले असेल, तर मंडळीचे राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.

आता रविवारचे. पाळकसाहेबांना आजच फोन करून सांगा की मुलगा त्यांच्याशी बोलेल, मात्र कमिटीचे सभासद सोबत नसावेत. एका मुलासमोर तीन मोठी माणसे हा संवाद होत नाही. दार बंद करून एकांतात बोलणे नको, बैठकीतच बसावे. वडील घरी असले तरी हरकत नाही, पण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवायचे नाही. मुलाला सर्वांसारखीच खुर्ची असू द्या. पाळकसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि मुलगा गप्प राहिला, की आपल्याला राहवणार नाही, शब्द ओठांवर येतील. त्या क्षणी चहा ठेवायला आत जा, आणि आले किसायला घ्या. त्याला बराच वेळ लागतो.