यादीत तीन, पिशवीत चौदा

"मॅडम, माझा स्वतःवर ताबाच राहिलेला नाही," असं म्हणत सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंनी पर्समधून मॉलचं बिल काढून माझ्यासमोर ठेवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आणायचं होतं तूरडाळ, साखर, भांड्यांचा साबण. बिलात चौदा वस्तू होत्या: सुगंधी मेणबत्त्या, मऊ टॉवेल, ताजे पाव, बिस्किटांचे पुडे... घरात यजमान त्यांना 'उधळी' म्हणायला लागले होते. वाईट हे, की त्यांनाही ते पटायला लागलं होतं. ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि जवळजवळ सगळे ती स्वतःचा स्वभावदोष समजूनच येतात.

बिलावर वेळ होती संध्याकाळी ७.४०. मी विचारलं, "दुकानात शिरताना डोक्यात काय चाललं होतं?"

"सासूबाईंचा शुगरचा रिपोर्ट आणायचा राहिला होता. नवी गोळी जेवणाआधी की नंतर, तेच आठवत होते. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऑडिट."

मग मी त्यांना बाबा शिव आणि अलेक्झांडर फेडोरिखिन या संशोधकांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. काहींना दोन आकडी संख्या लक्षात ठेवायला दिली, काहींना सात आकडी. ती घोकत दुसऱ्या खोलीकडे जाताना चॉकलेट केक किंवा फळांचं सॅलड यांतलं एक निवडायचं. दोन आकडीवाल्यांपैकी ४१ टक्क्यांनी केक निवडला, सात आकडीवाल्यांपैकी ६३ टक्क्यांनी. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: खऱ्या पदार्थांऐवजी नुसते फोटो दाखवले, तेव्हा हा फरक जवळपास उरलाच नाही. डोकं गुंतलेलं आणि वस्तू डोळ्यांपुढे, की हात आधी जातो. "हे हवंय का?" असं विचारायला मन मोकळंच नसतं.

"अहो, तुम्ही तर सातपेक्षा कितीतरी जास्त आकडे घोकत होतात," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाण्याकडे आपण यादी वाचतो, माल काउंटरच्या पलीकडे असतो. मॉलमध्ये टॉवेल बोटांना लागतो, पावाचा वास दारातच गाठतो. म्हणून आठवड्याचं सामान वाण्याला फोन करून मागवायचं ठरलं. मॉलमध्ये जायचंच तर रविवारी, नाश्ता करून. आणि आत शिरण्याआधी डोक्यात घोळणारी कामं कागदावर उतरवून. (उधार-उसनवार करून, घरच्यांपासून लपवून खरेदी होत असेल तर एवढ्याने भागत नाही, तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.)

पण खरं ओझं दुकानातलं नव्हतंच. तिसऱ्या भेटीत मी यजमानांनाही बोलावलं. बिल न दाखवता त्यांना एवढंच विचारलं, "आईंची रात्रीची गोळी कोणती?" त्यांना सांगता आलं नाही. बराच वेळ ते गप्प बसले.

पुढच्या खेपेला आले तेव्हा औषधांची वही त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.