केजन आणि झायडेको: सूर एकच, हॉल वेगळे

प्रश्न: सध्या अमेरिकेतल्या लुइझियानाचं झायडेको म्युझिक खूप ऐकतेय. कुठे केजन लिहितात, कुठे झायडेको, दोन्ही एकच का? आणि तिथले जुने डान्सहॉल अजून चालू आहेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एकच नाही, पण मुळं पार गुंतलेली. इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडातल्या अकेडियातून हाकललेल्या फ्रेंच लोकांपैकी बरेच पुढे लुइझियानात येऊन राहिले, केजन संगीत त्यांच्या वंशजांचं, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि अकॉर्डियनवरचं. झायडेको तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या क्रिओल लोकांचं, त्यात ब्लूज मिसळलेलं आणि छातीवर खाचांच्या पत्र्याचं फ्रॉटवार नावाचं वाद्य अडकवून ते चमच्यांनी खरवडत वाजवतात.

आधी हॉल नव्हतेच. कुणाच्या तरी घरातलं सामान बाहेर काढायचं, पोरं आतल्या खोलीत झोपवायची आणि रात्रभर नाचायचं! हॉल आले तरी पोरांना झोपवायला वेगळी खोली असायची, त्यामुळे आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर यायचं.

पण गोऱ्यांचा हॉल वेगळा, काळ्यांचा वेगळा. अमेदे आर्दुआं हा काळा अकॉर्डियनवाला आणि डेनिस मॅकगी हा गोरा फिडलवाला, दोघांनी १९२९ मध्ये एकत्र रेकॉर्डिंग केलं, गोऱ्यांच्या नाचाला आर्दुआं वाजवायचा पण नाचायला त्याच्या माणसांना तिथे जागा नाही. एका गोऱ्या बाईने घाम पुसायला रुमाल दिला म्हणून त्याला अर्धमेला होईपर्यंत मारलं असं तिथले लोक सांगतात, तो १९४२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. मला हे वाचून अजून त्रास होतो.

मग क्रिओल लोकांनी स्वतःच्या जागा उभ्या केल्या. १९४७ मध्ये लॉटेल गावात रिशार्ड्स क्लब आणि जवळच ऑपेलूससला स्लिम्स वाय-की-की सुरू झाले, त्याच भागातल्या क्लिफ्टन शेनिएने पियानो अकॉर्डियनवर झायडेको जगभर नेलं आणि ग्रॅमीही मिळवलं.

आता हे हॉल कमी झालेत, त्यामागे भाषेचं मोठं कारण आहे. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनंतर शाळेत फक्त इंग्रजी, फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा, मग मोठी झाल्यावर ती आईबापांच्या नाचाला कशाला जातील? रिशार्ड्स पुढे नाव बदलून चालला, नंतर आगीत गेला. पण मामू नावाच्या गावातलं फ्रेड्स लाउंज अजून शनिवारी सकाळीसकाळी नाचाला भरतं.

ऐकायचं तर आधी आर्दुआं ऐका, मग लगेच शेनिए. दोघांमधलं नातं कानालाच कळेल.