पलंगाखालचे गठ्ठे आणि सॉक सिटीचा प्रकाशक

प्रश्न : अमेरिकी भयकथालेखक लव्हक्राफ्टचं पुस्तक काढायला लेखक ऑगस्ट डर्लेथने घरासाठी घेतलेलं कर्ज वापरलं, असं वाचलं. खरं का? पुढे त्याचं काय झालं? मलाही अद्भुत आणि विज्ञानकथांचं छोटं प्रकाशन सुरू करायचंय, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हाताशी आहेत.
– एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज

उत्तर : खरं आहे. पण गोष्ट इथवरच ऐकून माणसं प्रकाशनात पडतात. मीही तसाच पडलो.

लव्हक्राफ्ट मार्च १९३७ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या कथा स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. डर्लेथ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सॉक सिटी या नदीकाठच्या लहानशा गावचा. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षांचा, भेट मात्र एकदाही नाही. डोनाल्ड वॉन्ड्रेई या मित्राबरोबर त्याने कथा जमवल्या. न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांनी नकार दिला, म्हणून १९३९ साली दोघांनी 'अर्कम हाऊस' काढलं. डर्लेथ तेव्हा तीस वर्षांचा. घर बांधायला बँकेकडून घेतलेल्या पैशांतले काही मुद्रकाकडे गेले. 'द आउटसायडर अँड अदर्स', साडेपाचशे पानं, काळ्या कापडाची बांधणी, १२६८ प्रती. किंमत ५ डॉलर, प्रकाशनपूर्व सवलतीत साडेतीन. आगाऊ मागणी आली जेमतेम १५० प्रतींची. आवृत्ती संपायला चार वर्षं लागली.

हा दीडशेचा आकडा पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी पलंगाखाली वाकून पाहिलं होतं. तिथे माझ्या दुसऱ्या कथासंग्रहाचे सुतळीने बांधलेले अकरा गठ्ठे होते. माझ्याकडे सवलतीत नावं नोंदवली होती ६१ जणांनी. एका वितरकाने २०० प्रती नेल्या, दीड वर्षाने १८० परत पाठवल्या, त्याही कोपरे दुमडलेल्या. उरलेल्या विसांचे पैसे 'पुढच्या आठवड्यात' येणार आहेत. त्याला आता नऊ वर्षं झाली.

डर्लेथची भिस्त टपालावर होती. मासिकात जाहिरात द्यायची, मागणी आली की पुस्तक थेट वाचकाच्या पत्त्यावर पाठवायचं. तरी पोट भरलं नाहीच. घर चाललं ते त्याच्या लेखणीवर : कादंबऱ्या, डिटेक्टिव्ह कथा, वर्तमानपत्रातली परीक्षणं. तीस वर्षांचा हिशेब मांडताना त्यानेच लिहून ठेवलंय, की एकाही वर्षी अर्कम हाऊसच्या उत्पन्नातून खर्च भागला नाही, तूट त्याला पदरमोड करून भरावी लागली. १९४८ मध्ये मुद्रकाचं देणं थकलं, तेव्हा डेव्हिड केलर या लेखकाने २५०० डॉलर उसने दिले. लेखकाने प्रकाशकाला पैसे देणं आपल्याकडेही नवं नाही म्हणा, फक्त त्याला 'उसने' म्हणत नाहीत.

पुढे विज्ञानकथांसाठी गाजलेल्या रे ब्रॅडबरीचं पहिलं पुस्तक १९४७ मध्ये अर्कम हाऊसमधूनच निघालं. तेव्हाच्या त्या प्रतींना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. त्यातलं डर्लेथला काय मिळालं? तो १९७१ मध्येच वारला.

त्याची एक गोष्ट मला अजून खटकते. लव्हक्राफ्टच्या चार टिपणांवरून स्वतः कथा लिहायच्या आणि वर नाव दोघांचं घालायचं. १९४५ च्या एका कादंबरीत पन्नासेक हजार शब्दांपैकी लव्हक्राफ्टचे हजार-बाराशेच. खप वाढला असेल, पण कुणाचं काय याचा घोळ कायमचा झाला. तुम्ही हे करू नका.

फंडाला तूर्त हात लावू नका. तुम्ही ग्रंथपाल होतात, म्हणजे कोणता वाचक विज्ञानकथा मागून न्यायचा आणि कोण न वाचताच परत करायचा, हे तुमच्याइतकं कुठल्याच वितरकाला ठाऊक नसणार. मागून नेणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन एका वहीत उतरवा. एकाच पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा आणि पैसे जमा झाले तेवढीच नावं खरी धरा, 'नक्की घेतो' म्हणणारे वेगळ्या पानावर. दीडशे भरली की मुद्रकाकडे जा.

एकशे एक्कावन्नावं नाव माझं लिहा. पैसे आधी पाठवतो.