लेखकाचे नाव झाकून

प्रश्न : मी चार वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. तेव्हापासून वाचन वाढले आहे. पण गेल्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांची यादी सहज करून पाहिली, तर चाळीसपैकी तीस पुस्तके अवघ्या सहा लेखकांची निघाली, आणि त्यांतलीही निम्मी पूर्वी वाचलेली. वाचनालयात गेले की हात आपोआप त्याच खणाकडे जातो. रहस्यकथा, विज्ञानकथा, भयकथा, आजच्या तरुणांच्या कादंबऱ्या असे सगळेच चाखून पाहावेसे वाटते, मात्र सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. अनोळखी पुस्तके विकत घेऊन फसण्याची तयारी नाही. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपला हात त्याच खणाकडे जातो, यात दोष हाताचा कमी आणि कपाटाचा अधिक आहे. ज्या वाचनालयांत ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तके लावतात, तेथे मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा एकच क्रमांक पडतो. मग पुस्तक भुताचे असो, खुनाचे असो की मंगळावरच्या वसाहतीचे. त्यापुढची मांडणी लेखकाच्या नावावरून होते. त्यामुळे ज्याला नाव ठाऊक आहे त्याला कपाट थेट खणापर्यंत पोहोचवते, आणि ज्याला केवळ ‘काहीतरी गूढ’ हवे आहे त्याच्यापुढे ते मुके उभे राहते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पुढचे सहा महिने लेखकाचे नाव पाहून पुस्तक निवडणे सोडून द्यावे.

ही सूचना विचित्र वाटेल, पण तिला चांगला आधार आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी आपली पहिली कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. हेतू हा की, जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये. कथेला पहिले बक्षीस मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. जे त्या परीक्षकांना करावे लागले, ते वाचकाने अधूनमधून आपणहून करायला हरकत नाही.

नाव झाकून वाचण्याची सर्वांत सोपी आणि स्वस्त सोय म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेतली बरीचशी नवी नावे याच दाराने आत आली आहेत. एका अंकात दहा-पंधरा लेखक भेटतात आणि एखादी कथा फसली तर आपला अर्धा तास जातो, तीनशे रुपये जात नाहीत. आपल्याला जे प्रकार चाखायचे आहेत, त्यांच्यासाठी ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे अंक आवर्जून पाहावेत. रहस्य, गूढ, भय आणि विज्ञान या वाटांवरच्या कथा तेथे वर्षानुवर्षे येत आहेत. अंक दिवाळीतच वाचले पाहिजेत असेही नाही. मार्च-एप्रिलपर्यंत वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेतली झुंबड ओसरते, आणि जुने अंक रद्दीच्या दुकानात अगदी थोडक्यात मिळतात. अनुक्रमणिका न उघडता मधूनच एक कथा वाचावी, आवडली तरच मागे जाऊन लेखक कोण ते पाहावे, आणि ते नाव वहीत टिपून ठेवावे. दोन-तीन अंकांत एकच अनोळखी नाव पुन्हा टिपले गेले, तर त्या लेखकाचा संग्रह मागवायला आता काही जोखीम उरली नाही.

दुसरी युक्ती वाचनालयातलीच आहे. पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारण्यासाठी जी चिठ्ठी चिकटवलेली असते, ती पाहून मी कधीकधी पुस्तक उचलतो. मात्र शिक्क्यांची गर्दी असलेले नव्हे, तर जवळजवळ कोरे. मागे असाच एक कथासंग्रह घरी आणला. चिठ्ठीवर तीनच शिक्के, शेवटचा २००९ मधला, आणि कव्हराचा खाकी कागद कडेने विरलेला. त्यातल्या दोन कथा सुमार निघाल्या, हे कबूल करतो. पण तिसरीने रात्रीचे जेवण गार करायला लावले. अर्थात कोरी चिठ्ठी ही गुणवत्तेची खूण नव्हे. ती एवढेच सांगते की या पुस्तकाबद्दल कोणी आपल्या कानात काही भरलेले नाही.

पुरस्कारांच्या याद्यांवर मात्र फार विसंबू नये. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०२१ मध्ये कथासंग्रहाला, २०२२ आणि २०२३ मध्ये कादंबरीला मिळाला, तर २०२४ मध्ये तो समीक्षेला गेला. म्हणजे दरवर्षी तेथे कथात्म साहित्य सापडेलच असे नाही, आणि रहस्यकथेकडे तर पुरस्कारवाले सहसा फिरकतच नाहीत. (या विषयावर मी अधिक लिहू लागलो तर उत्तर लांबेल.) तरुण लेखकांसाठी मात्र अकादमीचा युवा पुरस्कार उपयोगी पडतो, कारण तो पस्तिशीच्या आतल्या लेखकांना दिला जातो. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या छोट्या कादंबरीला तो २०२४ मध्ये मिळाला. तयार कपड्यांच्या बाजारापुढे गावातल्या शिंप्याचे काय होते, हा तिचा विषय, आणि लेखक स्वतः शिवणकाम केलेला. आजच्या तरुणांचे लेखन कसे असते या आपल्या प्रश्नाला हे एक थेट उत्तर ठरेल.

अनुवादाचे दालनही विसरू नये. उमा कुलकर्णी यांच्यामुळे कन्नड कादंबरी मराठी घरांत मुरली. परकीय भाषांतल्या कथांसाठी ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक आहे, आणि त्यातल्या बहुतेक लेखकांची नावे आपल्याला मुळातच अपरिचित असल्याने ती झाकण्याचीही गरज पडत नाही.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. नाशिककरांना त्याची चिंता नसावी. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय गावात आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पेट्या तर येथूनच जगभर गेल्या. त्या पेटीची गंमत अशी की, तिच्यातली पुस्तके आपण निवडलेली नसतात. आपल्या सोसायटीत दहा-वीस वाचक जमत असतील, तर पेटीसाठी चौकशी जरूर करावी.

प्रश्न : नवीन प्रकारचे पुस्तक घेतले आणि रंगले नाही, तर किती पानांनंतर सोडावे?
— एक शिक्षक, देवळाली कॅम्प

उत्तर : सगळ्या प्रकारांना एकच माप लावू नये. रहस्यकथेने पहिल्या तीस-चाळीस पानांत आपल्या मनात एखादा प्रश्न रुजवला नाही, तर ती खुशाल परत करावी. विज्ञानकादंबरीला मात्र शंभर पाने द्यावीत, कारण नवे जग उभे करायला तिला वेळ लागतो आणि सुरुवातीचे अनोळखी शब्द पुढे आपोआप उलगडतात. भयकथा दिवसा बसमध्ये वाचून सोडली असेल, तर ती सोडली असे मी धरत नाही. तिला रात्रीची एक संधी द्यावी. कथासंग्रहात पहिली कथा सहसा निवडून पुढे ठेवलेली असते, म्हणून मधली एखादी वाचून निर्णय घ्यावा. आणि रहस्यकथा अर्धवट परत करताना शेवटचे पान चाळण्याचा मोह आवरावा, कारण वर्षा-दोन वर्षांनी तेच पुस्तक आपल्याला आवडण्याची शक्यता असते आणि तेव्हा खुनी कोण हे आधीच ठाऊक असेल.