२०१५ च्या भूसंपादन वटहुकुमात शेतकऱ्याच्या बाजूने नक्की कोण होतं?

पूर्णपणे कोणीच नाही, पण वटहुकूम चुकीचा होता हे मी आजही म्हणेन. २०१३ च्या भूसंपादन कायद्याला भाजपनेच पाठिंबा दिला होता, त्याचं विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीच्या अध्यक्ष भाजपच्याच सुमित्रा महाजन होत्या. मग सत्ता आली आणि ३१ डिसेंबर २०१४ ला ७०-८० टक्के जमीनमालकांच्या संमतीची अट पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी काढून टाकली. शिवसेना सरकारात असून मार्चमध्ये वटहुकुमाच्या जागी आणलेल्या विधेयकावरच्या लोकसभेतल्या मतदानाला थांबली नाही. शेवटी ३१ ऑगस्टला वटहुकूम संपला.

आमचं घर कणकवली तालुक्यात. त्या वर्षीची चतुर्थी सप्टेंबरात आली, मुंबईहून अण्णाकाका आलेले, पक्के भाजपवाले, आणि मी संमतीच्या अटीसाठी गावात सह्या गोळा करून दमलेलो. गणपतीवरच्या माटवीखालीच जुंपली. काका ओरडले, "तुका काय कळता? हायवेत गेलेल्या जमनीचे पैसे वाढले ते ह्याच वटहुकुमान!" मी पण नको ते बोललो, भजनाची माणसं उसळ तशीच ठेवून उठली, आई देवासमोर रडत बसली. काका पुढची दोन वर्षं आले नाहीत.

आणि आमच्या ज्या बागेवरून एवढं झालं ती हायवेला गेली १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली, तिथे संमतीचा प्रश्नच नाही, कुठलाही पक्ष असो. त्या कायद्याच्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाल्यावर हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात, ते आमचे कधीच संपलेले. सातबाऱ्यावर अकरा नावं, निम्मी मुंबईत, एकालाही त्याची खबर नाही. म्हणून तुमच्या रस्त्याला जमीन जाणार असेल तर पक्ष सोडा, आधी कुठल्या कायद्याखाली घेतायत ते तलाठ्याकडे विचारा आणि भावबंदांना लगेच फोन करा.

काकांचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. हायवेच्या जमिनीला नवीन कायद्याचा मोबदला वटहुकुमाने लागू केला हे बरोबर, पण २०१३ च्या कायद्यातच कलम १०५(३) मध्ये लिहिलं होतं की हे एका वर्षाच्या आत करायचंच, आणि केलं ते शेवटच्या दिवशी. त्यासाठी संमतीची अट काढायची काय गरज होती? याचं उत्तर काकांनी अजून दिलेलं नाही.

हां, मी वकील नाही आणि मोबदल्याचा गुणांक (बाजारभावाला ज्याने गुणतात तो आकडा) राज्याप्रमाणे बदलतो, त्यामुळे आकडा तुमच्या प्रांत ऑफिसातून घ्या. १०५(३) ची प्रिंट मी काढून ठेवलीय, येत्या चतुर्थीला काकांच्या हातात देणार आहे, आरती झाल्यावर.