१९८१चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ आज बघण्यासारखा आहे का, आणि त्यातले राक्षस असे तुटक-तुटक का हलतात?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१०चा नवा सिनेमा आवडला म्हणून जुना लावला, सुरुवातीलाच हसू आलं, पण बंद करवला नाही. आता तो पुढे बघावा का, मुलांबरोबर चालेल का, आणि राक्षस असे झटके देत का हलतात?

ग्रीक पुराणकथांवर बेतलेला हा सिनेमा पूर्ण बघाच. संवाद बाळबोध आहेत, नायक पर्सियस झालेला हॅरी हॅमलिन दिसायला देखणा पण बराचसा ठोकळेबाज आहे, आणि ऑलिंपसवरच्या देवांची दृश्यं रेंगाळतात. लॉरेन्स ऑलिव्हिए देवांचा राजा झ्यूस, मॅगी स्मिथ समुद्रदेवता थेटिस, शिवाय क्लेअर ब्लूम आणि अर्सुला अँड्रेस, एवढी मोठी माणसं पांढरी वस्त्रं नेसून धुक्यात उभी राहतात आणि बोलत बसतात. तरीही ११८ मिनिटांच्या या सिनेमात मेड्युसाचा (केसांऐवजी साप असलेली, जिच्याकडे बघताच माणूस दगड होतो ती) एक प्रसंग असा आहे, की हाताने हलवलेल्या बाहुलीकडून इतका थरार क्वचितच कोणी काढून घेतला असेल. सिनेमाचा खरा कर्ता दिग्दर्शक डेस्मंड डेव्हिस नव्हे, रे हॅरीहाउसेन आहे. ट्रिकदृश्यं त्याची, सहनिर्माता तोच, आणि हा त्याचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट.

आता झटक्यांबद्दल. साधा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो आणि प्रत्येक फ्रेमसाठी शटर साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं. तेवढ्या वेळात पळणारा माणूस थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याचे हातपाय फ्रेममध्ये किंचित फराटल्यासारखे उमटतात. तो फराटाच आपल्या डोळ्याला सलग हालचालीचा भास देतो. स्टॉप-मोशनमध्ये मॉडेल थोडंसं हलवायचं, हात बाजूला घ्यायचा, एक फ्रेम काढायची, पुन्हा हलवायचं. फोटो काढताना मॉडेल पूर्ण स्थिर असतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेम अगदी रेखीव येते, फराटा नसतोच. अशा २४ रेखीव फ्रेम एकापाठोपाठ पळवल्या की हालचाल कातरल्यासारखी दिसते. हात जितक्या झपकन फिरेल तितकं ते जास्त जाणवतं. म्हणून संथपणे सरपटणारी मेड्युसा खरी वाटते आणि हवेत पंख मारणारा पेगॅसस हा घोडा खोटा वाटतो.

यावरचा उपाय त्याच महिन्यात पडद्यावर आला होता. ‘क्लॅश’ अमेरिकेत १२ जून १९८१ला लागला (त्याच दिवशी पहिला इंडियाना जोन्सही) आणि २६ जूनला ‘ड्रॅगनस्लेयर’ आला. त्यात मॉडेलला मोटरवर चालणाऱ्या दांड्या जोडून, शटर उघडं असतानाच ते किंचित हलवायची ‘गो-मोशन’ पद्धत वापरली होती. दोन्ही एकापाठोपाठ बघा, फरक लगेच कळेल. गो-मोशनचा ड्रॅगन जास्त सफाईदार आहे, यात वाद नाही. पण माझं मन मेड्युसाकडेच झुकतं, कारण तिच्या प्रत्येक हालचालीत अभिनय आहे.

हॅरीहाउसेन नटांच्या दृश्यात मॉडेल कसं बसवायचा हे कळलं, की सिनेमातल्या निम्म्या विचित्र गोष्टींचा उलगडा होतो. आधी खऱ्या जागेवर नटांचं चित्रण व्हायचं. माल्टा, दक्षिण इटलीतलं पेस्तुमचं मंदिर, स्पेन, आणि आतली दृश्यं इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओत. समोर राक्षस नसतोच, नट रिकाम्या हवेत तलवार चालवतात. नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून काठी धरायची आणि शॉटच्या वेळी ती काढायची. नजर चार बोटं जरी चुकली तरी पुढे ते दुरुस्त करता येत नाही, आणि पडद्यावर नट राक्षसाच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय असं दिसतं. या सिनेमात काही ठिकाणी ते सापडेल.

मग ती फिल्म अर्धपारदर्शक पडद्यावर मागून एकेक फ्रेम करून टाकायची. पुढे टेबलावर मॉडेल. कॅमेरा आणि टेबलाच्या मध्ये काच, आणि चित्राचा जो भाग मॉडेलच्या पुढे यायला हवा, म्हणजे खालची जमीन, दगड, खांब, तेवढी काच काळी रंगवायची. मॉडेल हलवा, फ्रेम काढा, मागची फिल्म एक फ्रेम पुढे न्या, पुन्हा मॉडेल हलवा. शॉट संपला की कॅमेऱ्यातली फिल्म गुंडाळून परत सुरुवातीला आणायची, आता काचेचा उलटा भाग काळा करायचा आणि राहिलेली जमीन त्याच फिल्मवर उमटवायची. मॉडेल अशा तऱ्हेने मागच्या आणि पुढच्या चित्राच्या मधोमध बसतं. या पद्धतीला ‘डायनामेशन’ नाव दिलं होतं.

यात बिघडतं काय? पहिलं म्हणजे दाणा. मागचं चित्र एकदा चित्रित झालेलं असतं, पडद्यावरून त्याचं पुन्हा चित्रण होतं, म्हणून रंग मळकट होतात आणि फिल्मचे कण ठळक दिसतात. नीट पाहिलंत तर राक्षस यायच्या क्षणभर आधीच चित्राचा पोत बदलतो. तुमच्या कॉपीत दोष नाही, तो शॉटच तसा आहे. दुसरं, काचेवरची काळी कड. दोन्ही वेळचा उजेड तंतोतंत जुळला नाही तर जमिनीच्या रेषेवर पुसट शिवण दिसते. तिसरी अडचण पडद्यावर दिसत नाही, पण सगळ्यात जीवघेणी तीच. झालेलं काम लगेच बघायची सोय नव्हती. फिल्म लॅबमधून धुऊन आली की मगच कळायचं. मधे एक फ्रेम विसरली, दिवा हलला, मॉडेलला धक्का लागला, तर शॉट पहिल्यापासून. आधी कोणता अवयव कुठे होता हे लक्षात राहावं म्हणून मॉडेलच्या शेजारी टोकदार सुईचा स्टँड ठेवायचे. हलवण्याआधी सुईचं टोक नाकाला लावायचं, हलवून किती अंतर पडलं ते बघायचं, फोटोआधी स्टँड काढायचा. स्टँड काढायला विसरलं की तोही फ्रेममध्ये!

आता मेड्युसा. तिच्या डोक्यावर बाराएक साप धरा. एका सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे फक्त सापांनाच २८८ वेळा हात लावायचा, आणि प्रत्येक साप वेगळ्या दिशेने चाललेला असतो हे डोक्यात ठेवायचं. वर हात, धनुष्य, मान, शेपूट, डोळे. आधीच्या चित्रांमध्ये मेड्युसा म्हणजे डोक्यावर साप असलेली बाई. हॅरीहाउसेनने कमरेखाली तिला खुळखुळ्या सापाचं धड दिलं, हातात धनुष्यबाण दिलं आणि अंगावर कपडा ठेवला नाही. कपडा न ठेवण्यामागे सोय आहे: झुळझुळणारं कापड फ्रेमागणिक सावरणं जवळपास अशक्य, बोटाचा प्रत्येक स्पर्श त्यात वळवळ होऊन दिसतो. १९३३च्या किंग काँगच्या अंगावरची लव सारखी थरथरते ती याचमुळे. खवल्यांच्या लेटेक्सच्या कातडीवर बोटांचे ठसे लपतात. आत धातूचा सांगाडा, त्याला खोबणीत फिरणाऱ्या गोळ्यांचे सांधे, म्हणजे ठेवलेली पोज जागची हलत नाही.

तिला पाय नाहीत, हाताने अंग ओढत पुढे येते. आधी शेपटीचा खुळखुळाट ऐकू येतो, मग खांबाआडून सावली. सगळा प्रसंग मशालींच्या उजेडात आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला मॉडेलवरचा उजेडही किंचित बदलायचा. ती थबकते, कानोसा घेते, बाण लावते. पर्सियस ढालीत प्रतिबिंब बघून तिचा माग घेतो, सोबतचे सैनिक मारले जातात, आणि तो तलवार उगारून खांबाआड थांबतो. घाई कुठेच नाही. नव्या सिनेमातली मेड्युसा सळसळत सगळीकडे धावते आणि म्हणूनच तिची भीती वाटत नाही.

क्रॅकन या समुद्रातल्या राक्षसाचं दुखणं वेगळं आहे. पाणी फ्रेम-फ्रेमने हलवता येत नाही आणि थेंब लहान करता येत नाहीत. छोट्या मॉडेलवर उडालेला थेंब माणसाच्या डोक्याएवढा दिसतो. म्हणून मॉडेलचं पाणी वेगात चित्रित करून हळू दाखवतात. हिशेब वर्गमुळाचा: मॉडेल खऱ्याच्या १/१६ असेल तर वेग चौपट, म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेम. आर्गोस नगरी बुडते तिथे मॉडेल आणि माणसांचे शॉट आलटून-पालटून येतात, ते बघताना थेंबांच्या आकाराकडे लक्ष द्या, लगेच कळेल. कॅलिबॉस हा खलनायक जवळून नील मॅकार्थी हा नट आहे आणि लांबून मॉडेल, तो सांधाही थोडा उघडा पडतो. बुबो हे यांत्रिक घुबड बऱ्याच जणांना सहन होत नाही. मला ते आवडतं, कारण ते मुळातच यंत्र असल्यामुळे त्याचं झटक्याने हलणं खटकत नाही. नव्या सिनेमात ते क्षणभर दिसतं आणि बाजूला टाकलं जातं, त्याचं मला वाईट वाटलं.

पुराणकथा म्हणून बघू नका, ग्रीक कथांची पटकथाकार बेव्हर्ली क्रॉसने मोकळेपणाने सरमिसळ केली आहे. क्रॅकन उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी कथांमधला, ग्रीक नव्हेच. पेगॅसस मूळ कथेत मेड्युसाच्या रक्तातून जन्मतो, इथे तो आधीपासून आहे. नावात टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतले देव) आहेत पण मेड्युसा काही टायटन नाही. सिनेमातलं जोप्पा हे गाव मात्र खरं आहे: आजचं इस्राएलमधलं याफो, आणि राजकन्या अँड्रोमेडाला तिथेच साखळदंडाने बांधलं होतं ही समजूत प्राचीन आहे.

मुलांबरोबर बघणार असाल तर आधीच सांगते. सुरुवातीला आई बाळाला दूध पाजताना दिसते, पुढे आंघोळीचं एक दृश्य आहे, दोन्ही ठिकाणी क्षणभर नग्नता आहे. कोडं चुकल्यावर माणसाला जाळतात, हात तुटतो, आणि मेड्युसाचं शीर उतरल्यावर दाट रक्त वाहतं. दहाच्या पुढच्या मुलांना चालावं. लहानांना मेड्युसाच्या प्रसंगानंतर झोप यायची नाही.

टीव्हीवर बघण्याआधी एक काम नक्की करा. नवीन टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडतात. सेटिंगमध्ये हे ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी असतं. ते बंद करा किंवा ‘फिल्ममेकर मोड’ लावा. स्टॉप-मोशनच्या रेखीव फ्रेममध्ये हे अंदाज चुकतात आणि मॉडेलच्या कडा विरघळतात. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शनही खाली आणा, नाहीतर दाण्याबरोबर खवल्यांची बारीक कलाकुसर पुसली जाते. डबिंग टाळा, मॅगी स्मिथचा आवाज ऐकण्यासारखा आहे. थेटिसच्या मूर्तीचं डोकं खाली पडून बोलतं तो प्रसंग तिच्या आवाजावरच उभा आहे.

ही पद्धत आपल्याकडे अनोळखी नाही. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी, भांडवल उभं करायला, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम करून चित्रित केलं होतं, आणि १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीच्या काड्या नाचवल्या.

मुलांना सुट्टीत हे करून बघायचं असेल तर फोन पुरतो. दीड-दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून सांगाडा करा, एकेरी तार गुडघ्यात लवकर तुटते. त्यावर मऊ तेलकट क्ले चढवा. पाणी घालून मळलेली माती नको, ती सुकते आणि तडकते. पाय पुठ्ठ्याला टाचण्यांनी खिळवा. सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे १० सेकंदांना १२०. फोन स्टँडवर घट्ट बसवून फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येऊन चित्र लुकलुकतं. खिडक्या पडदे लावून बंद ठेवा, एका दिव्यावर काम करा आणि हलवणाऱ्याने गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड मॉडेलवर पडतो. शटर हाताने दाबू नका, इअरफोनचं बटण किंवा टायमर वापरा.

हात उचलायचा असेल तर दर फोटोला सारखं अंतर हलवू नका. आधी १ मिलिमीटर, मग २, मग ४, पुन्हा ४, २, १. सुरुवातीला हळू, मध्ये वेगात, शेवटी हळू. शेवटची पोज आठ-दहा फोटो तशीच धरा. सारख्या अंतराने हलवलेला हात यंत्रासारखा दिसतो, आणि पोज न धरल्यास बघणाऱ्याला काय झालं तेच कळत नाही. हे जमलं की मेड्युसाचा प्रसंग पुन्हा लावा आणि ती बाण लावण्याआधी किती वेळ थांबते ते फ्रेम मोजून बघा.